लक्ष्मीपूजन झालं की उत्तरेला

कोल्हापूरच्या राजारामपुरीत ज्या घरात शाळेला जाणारी मुलं आहेत, त्या घरची मोठी सहल मे महिन्यातच ठरते. काश्मीर असो, सिंगापूर असो की युरोप, परीक्षा संपल्या की बॅगा भरायच्या. नॉर्दर्न लाइट्स बघायचे असतील तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या ट्रॉम्सो गावात मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य मावळतच नाही. त्याच्या आगेमागे काही आठवडे रात्र असते ती नुसती नावाला. ध्रुवीय प्रकाश तेव्हाही वर चालूच असतो, पण उजळलेल्या आभाळात तो दिसणार कसा? एवढे पैसे खर्चून जायचं आणि मध्यरात्रीचा सूर्य बघून परत यायचं, हेही वाईट नाही म्हणा. फक्त घरून निघताना ते माहीत असलेलं बरं.

दिवाळीची सुट्टी नेमकी बसते. उत्तरेतला हंगाम साधारण सप्टेंबर ते मार्च असा असतो आणि दिवाळी त्यात येते. शिवाय लक्ष्मीपूजन अमावास्येला. त्यानंतरच्या चार-सहा दिवसांत चंद्राची कोर आपल्याकडे संध्याकाळी पश्चिमेला दिसते. ट्रॉम्सोत ती त्या दिवसांत इतकी दक्षिणेला गेलेली असते की क्षितिजाच्या वर फारशी येतच नाही. म्हणजे रात्री अगदी काळ्या मिळतात. कोजागरीच्या सुमारास निघालात तर पौर्णिमेचं चांदणं असेल. जोरदार प्रकाश त्यातही दिसतो, मंद मात्र हरवून जातो. फेब्रुवारी-मार्च त्याहून चांगला. बर्फ पडलेलं असतं, आभाळ निवळलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि विषुवदिनाच्या आसपास चुंबकीय वादळं वर्षातल्या इतर दिवसांपेक्षा अधिक होतात. पण ज्यांच्या घरी दहावी-बारावी आहे त्यांना फेब्रुवारीचं नावही काढता येत नाही.

डिसेंबरबद्दल एक गैरसमज आहे. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोत सूर्य उगवत नाही, म्हणून चोवीस तास काळोख असेल असं वाटतं. तसं नसतं. दुपारी बाराच्या आगेमागे काही तास निळसर, गुलाबी उजेड येतो आणि जातो. त्याहून उत्तरेला, ध्रुवाजवळ, पहाट कित्येक दिवस लांबते. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध केलं, त्यातल्या युक्तिवादाचा मोठा भाग या लांबलेल्या पहाटेवर उभा आहे. वैदिक लोक तिकडून आले, हा त्यांचा निष्कर्ष आजचे अभ्यासक स्वीकारत नाहीत. पण जिथे ते स्वतः कधी गेले नाहीत तिथल्या पहाटेचं गणित त्यांनी पुण्यात बसून नीट मांडलं होतं, हे खरं.

आता हा प्रकाश येतो कुठून ते पाहू. सूर्यापासून भारित कणांचा झोत सगळ्या दिशांना सतत वाहत असतो. त्यात मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात, आणि वेग सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर. याला सौरवारा म्हणतात. हे कण सरळ ध्रुवांवर येऊन आदळतात आणि प्रकाश पडतो, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. बहुतांशी तसं होत नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याला अडवतं, वारा बाजूने वळसा घालून पुढे जातो, आणि जाताना पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूचं क्षेत्र ताणून त्याची लांब शेपटी करतो. ही शेपटी चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे जाते. सौरवाऱ्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही वाहत येत असतं. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, तर दोन्ही क्षेत्रांच्या रेषा एकमेकींना जोडल्या जातात आणि शेपटीत ऊर्जा साठत जाते. ताण फार झाला की शेपटीतल्या रेषा तुटून पुन्हा जुळतात. त्या झटक्यात इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे ढकलले जातात, वाटेत आणखी वेग घेतात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत वातावरणाच्या वरच्या थरांत शिरतात. म्हणून हा खेळ बहुधा मध्यरात्रीच्या आगेमागे रंगतो. चांगला प्रकाश आला, नाचला, विझला, आणि तासाभराने पुन्हा आला, याचंही कारण तेच. शेपटी भरते आणि रिकामी होते.

रंग ठरवतो तो बहुतेक ऑक्सिजन. जमिनीपासून १०० ते १५० किलोमीटरवर ऑक्सिजनच्या अणूला इलेक्ट्रॉनची धडक बसली की तो ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतो. हा प्रकाश बाहेर पडायला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. लाल प्रकाश, ६३० नॅनोमीटरचा, द्यायला त्याच अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाची टक्कर झाली तर ऊर्जा तिथेच संपते आणि प्रकाश पडत नाही. म्हणून लाल रंग फक्त २०० किलोमीटरच्या वर, जिथे हवा इतकी विरळ आहे की दोन मिनिटं कुणी कुणाला धडकत नाही, तिथेच दिसतो. जांभळा आणि झालरीच्या खालच्या कडेचा गुलाबी रंग नायट्रोजनचा.

हीच हिरवी आणि हीच लाल रेषा कोल्हापूरच्या आभाळातही रोज रात्री असते. दिवसा सूर्याचे अतिनील किरण वरच्या हवेतल्या ऑक्सिजनची मोडतोड करतात. रात्री ते तुकडे पुन्हा जुळतात आणि थोडी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. याला रात्रदीप्ती म्हणतात. ती इतकी फिकी असते की साध्या डोळ्याला पत्ता लागत नाही. राजारामपुरीपासून जवळच, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, भारतीय भूचुंबकत्व संस्थेने ती टिपण्यासाठी सर्व-आकाश कॅमेरा बसवला. माशाच्या डोळ्यासारखं भिंग, त्यामागे नेमक्या ६३० किंवा ५५७.७ नॅनोमीटरचाच प्रकाश सोडणारी गाळणी, आणि एका चित्रात क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं आभाळ. पावसाळ्यात आणि चांदण्यात तो कामाचा नाही, त्यामुळे हिवाळा-उन्हाळ्यातल्या निरभ्र, काळ्या रात्रीच त्याच्या. त्याच आवारात संस्थेचा मध्यम वारंवारतेचा रडारही आहे. १.९८ मेगाहर्ट्झच्या लहरी वर सोडून तो जमिनीपासून साधारण ७० ते १०० किलोमीटरवरचे वारे मोजतो. तिथे विमान जात नाही, उपग्रह तितक्या खाली टिकत नाही. त्या उंचीचा वारा कळायचा तर असाच काहीतरी उपाय करावा लागतो.

कॅमेऱ्याच्या लाल चित्रांत उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे दिसतात आणि ते सेकंदाला शे-दीडशे मीटर वेगाने पूर्वेकडे सरकतात. सूर्य मावळल्यावर चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास आयनांबराच्या, म्हणजे वरच्या भारित हवेच्या, तळाचा विरळ भाग बुडबुड्यासारखा वर चढतो. जिथून तो गेला तिथे इलेक्ट्रॉन कमी, म्हणून प्रकाशही कमी. या बुडबुड्यांतून येणारे उपग्रहांचे संदेश थरथरतात आणि जीपीएसची जागा चुकते. यांवर कोल्हापूरच्या नोंदींतून शोधनिबंध निघाले आहेत. उत्तरेतला माणूस ध्रुवीय प्रकाश बघतो, आपण ध्रुवीय नसलेल्या आभाळातला अंधार मोजतो. मला तर हे काम जास्त कठीण वाटतं.

मग आपल्याकडे खरा ध्रुवीय प्रकाश का दिसत नाही? नुसतं दक्षिणेला आहोत म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. हा प्रकाश एका कड्यात पडतो, आणि ते कडं भौगोलिक ध्रुवाभोवती नसतं, चुंबकीय ध्रुवाभोवती असतं. पृथ्वीच्या चुंबकाचा अक्ष थोडा कलता आहे आणि त्याचं उत्तरेकडचं टोक ग्रीनलंड आणि कॅनडाच्या बाजूला झुकलं आहे, आपल्या जवळजवळ पाठमोऱ्या बाजूला. त्यामुळे कॅनडातलं यलोनाइफ साडेबासष्ट अंशांवर असूनही थेट कड्याखाली येतं. मेक्सिको सिटी मुंबईच्याच अक्षांशावर आहे, पण चुंबकीय हिशेबाने ती सुमारे २८ अंशांवर पडते. कोल्हापूर भूगोलात पावणेसतरा अंशांवर आणि चुंबकीय हिशेबाने जेमतेम ९ अंशांवर. या बाबतीत आपल्या वाट्याला वाईट बाजू आली आहे.

तरीही मुंबईने हा प्रकाश एकदा पाहिला. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. ६ तारखेच्या टाइम्स ऑफ इंडियात मुंबईत ‘अरोरा’ स्पष्ट दिसल्याची बातमी आहे. त्या रात्री खार्टूमसारख्या दक्षिणेकडच्या ठिकाणांहूनही तशाच नोंदी आल्या. पेपरात आलं म्हणून विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न रास्त आहे. पण कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकांनी त्याच वेळच्या चुंबकीय वादळाची नोंद केलेली आहे, त्यामुळे ती बातमी झटकून टाकता येत नाही.

कुलाब्याची ही वेधशाळा १८२६ सालची. चुंबकीय नोंदी १८४० च्या दशकापासून सुरू झाल्या. तिचं सर्वांत मोठं काम १८५९ चं. त्या वर्षी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरच्या डागांजवळ अचानक झळाळी पाहिली, आणि सुमारे साडेसतरा तासांत इतिहासातलं सर्वांत गाजलेलं सौरवादळ पृथ्वीवर येऊन धडकलं. तारयंत्रं बंद पडली, काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवूनही तारेतून संदेश जात राहिले, कॅरिबियन बेटांपर्यंत आभाळ लाल झालं. युरोपातल्या वेधशाळांत छायाचित्रांच्या कागदावर नोंद होत असे. वादळ इतकं मोठं होतं की रेघ कागदाबाहेर गेली. मुंबईत तेव्हा सकाळ होती. प्रकाश दिसायचा प्रश्नच नव्हता. कुलाब्यात माणसं चुंबकाकडे डोळा लावून आकडे वहीत उतरवत होती, आणि गडबड दिसली तशी त्यांनी थोड्या थोड्या मिनिटांनी नोंदी घ्यायला सुरुवात केली. २ सप्टेंबरला सकाळी अकराच्या आगेमागे क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेला. आपल्या भागात हे क्षेत्र साधारण ४० हजार नॅनोटेस्ला असतं, त्यावरून घसरण लक्षात येईल. विषुववृत्ताजवळच्या भागातली त्या वादळाची इतकी सलग नोंद दुसरीकडे नाही. आजही कॅरिंग्टन वादळ किती मोठं होतं हे सांगताना जगभरचे शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्या वहीकडेच येतात.

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरलं. रुळांतून फिरणाऱ्या विजेने चुंबक डळमळणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखलं. त्यांनी अलिबागची जागा निवडली, इमारतीत लोखंड येऊ दिलं नाही, आणि १९०४ साली तिथे नोंदी सुरू केल्या. कुलाबा आणि अलिबाग ही दोन्ही केंद्रं काही काळ एकदम चालवून आकडे जुळवून घेतले, म्हणजे मालिका तुटायला नको. ट्राम कधीच्याच गेल्या. अलिबागच्या नोंदी सुरू आहेत, आणि किल्ला बघायला गेलेल्या पर्यटकांपैकी वेधशाळेचं नाव ऐकलेला क्वचितच कुणी भेटतो.

कोल्हापुरातून कधी दिसेल का? थोडं गणित करून बघू. लाल प्रकाश ४०० किलोमीटर उंचीवर धरला, तर तो जमिनीवरून सुमारे २२०० किलोमीटर अंतरापर्यंत क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. कोल्हापूरपासून सरळ उत्तरेला तेवढं गेलं की काराकोरम येतो. क्षितिजावरची धूळ, शहराचे दिवे धरता प्रकाश त्याहून बराच अलीकडे, दिल्लीच्या आसपास यायला हवा. असं वादळ शतकात एखादं. लडाखमधल्या हानलेला मात्र याच गणिताने साडेबावन्न अंशांपर्यंतचं आभाळ उघडं आहे, आणि शिवाय तिथली हवा साडेचार हजार मीटरवरची, स्वच्छ. १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री तिथल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबडी लाली टिपली. ऑक्टोबर २००३ नंतरचं ते सर्वांत वरच्या श्रेणीतलं पहिलं वादळ. कुणाला उत्तरेचा व्हिसा नको असेल, तर हानले हा पर्याय आहे; फक्त तिथे वादळाची वाट बघावी लागते आणि मिळतो तो एक लाल पट्टा. हिरवी नाचरी झालर हवी असेल तर कड्याखालीच जायला हवं.

कड्याखाली गेलं की सूर्याची फारशी आडकाठी राहत नाही. चुंबकीय हालचाल ० ते ९ अशा ‘केपी’ आकड्याने मोजतात. फोनवरची ॲप बघून ‘केपी पाच झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही’ असं ठरवणारे लोक असतात. ट्रॉम्सोला एक-दोनही पुरतो. तिथे खरा शत्रू ढग.

आणि ढगांचं गणित कोल्हापूरकराला समजवायला नको. गगनबावड्यात धो धो पाऊस आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नाही, कारण मध्ये सह्याद्री. उत्तर नॉर्वेत तोच प्रकार. अटलांटिकवरून येणारी ओल नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या डोंगरांवर सांडते. ट्रॉम्सो समुद्राकाठचं, वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ. डोंगर ओलांडून स्वीडनमधल्या आबिस्कोला गेलं की तीनशेच्या आसपास. म्हणून ट्रॉम्सोतले जाणते गाइड संध्याकाळी हवामानाचा नकाशा बघतात आणि गाडी शहराबाहेर, डोंगरांच्या आत, कधी थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत काढतात. ट्रॉम्सोची एक बाजू जमेची. उबदार सागरी प्रवाहामुळे तिथे हिवाळ्यातही पारा शून्याखाली चार-पाच अंशांवर राहतो. आबिस्कोत किंवा फिनलंडच्या आत उणे वीस ही नेहमीची गोष्ट. पहिल्यांदाच जाणाऱ्याने एका गावात मुक्काम ठोकण्यापेक्षा समुद्राकाठ दोन रात्री आणि डोंगराआड तीन रात्री अशी विभागणी करावी, असं माझं मत. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड तिन्ही शेंगेनमध्ये असल्याने एकाच व्हिसावर हे जमतं.

तिथे पोहोचल्यावर पहिली निराशा डोळ्यांची असते. मंद प्रकाश डोळ्याला पांढुरका, राखाडी ढगासारखा दिसतो, आणि शेजारच्याच्या फोनमध्ये तो हिरवागार. फोन खोटं बोलत नसतो. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. कॅमेरा पाच-दहा सेकंद उघडा राहून प्रकाश साठवतो. प्रकाश जोरात आला की डोळ्यालाही हिरवा दिसतो, कडेला गुलाबीही. त्यासाठी वीस मिनिटं अंधारात काढायला हवीत, आणि तेवढ्या वेळात फोनच्या पडद्याकडे बघायचं नाही. हे कोल्हापुरी मित्रांच्या ग्रुपला जमणं अवघड आहे. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, रुंद भिंग, हाताने लावलेला फोकस, आणि जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. थंडीत बॅटरी बघता बघता संपते. परत खोलीत येताना कॅमेरा बाहेरच पिशवीत बंद करून मग आत न्यावा, नाहीतर भिंगावर पाणी साचतं.

वादळ येणार हे आधी किती कळतं? सूर्यावरचा मोठा उद्रेक दिसला की एक ते तीन दिवस आधी अंदाज येतो. पण उद्रेकातून आलेल्या कणांच्या ढगाचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे आहे की उत्तरेकडे, हे ऐन वेळीच कळतं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उभ्या असलेल्या यानांवरून तो गेला की. तिथून पृथ्वी पाऊण-एक तासाच्या अंतरावर. आपलं आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे, आणि त्यावरची सूर्याचं अतिनील चित्र घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत घडली. ॲपमध्ये ‘बीझेड’ नावाचा एक आकडा असतो, तो उणे झाला, म्हणजे क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, आणि तसाच राहिला की जॅकेट घालायला घ्यावं. केपीपेक्षा तो आकडा कामाचा. सौरचक्र ११ वर्षांचं. सध्याच्या चक्राचा माथा २०२४ मध्ये गाठला गेला, म्हणून ‘आत्ताच जा, नाहीतर गेलं’ अशी जाहिरात होते. त्यात फारसा अर्थ नाही. २००३ ची ती मोठी वादळं चक्राचा माथा ओसरल्यावर आली होती, आणि कड्याखाली तर शांत वर्षांतही प्रकाश पडतोच.

पैसे न भरता, उलट पगार घेऊन हा प्रकाश बघायचाही एक रस्ता आहे, आणि तो गोव्यातून जातो. वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे भारताची ध्रुवीय ठाणी आहेत. उत्तरेला स्वालबार्डमध्ये ७८ अंशांच्याही वर ‘हिमाद्री’, २००८ सालचं; तिथे हिवाळी मोहीम डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा निघाली. अंटार्क्टिकात ‘मैत्री’ आणि २०१२ सालचं ‘भारती’. तिथे हाच प्रकाश दक्षिणेचा. पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेची माणसं या ठाण्यांवर कोल्हापुरातल्यासारखीच चुंबकाची आणि आभाळाची उपकरणं सांभाळत अख्खा हिवाळा काढतात. विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या मुलांना हे माहीत असतं. शेजारच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांना सहसा नसतं, म्हणून सांगतो. हिवाळी तुकडीत शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, आचारी, इलेक्ट्रिशियन आणि वाहनांचे मेकॅनिकही लागतात. जनरेटर बंद पडला तर तिथे शास्त्र नंतर, आधी जीव. निवड झाली की वैद्यकीय तपासणी, मग औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फात वावरायचं प्रशिक्षण, मग जहाज किंवा विमान. हिवाळ्यासाठी राहिलेल्यांना पुढचा उन्हाळा येईपर्यंत परत फिरता येत नाही, त्यामुळे अर्ज करण्याआधी घरी विचारून घ्यावं.